मिक्सोकॉकसला उपाशी कसं ठेवायचं

मातीतल्या बहुतेक जिवाणूंचा अभ्यास त्यांना खाऊ घालण्यापासून सुरू होतो. मिक्सोकॉकस झँथसच्या बाबतीत खरं काम अन्न काढून घेतल्यावर सुरू होतं. अन्न संपलं की याच्या लाखभर पेशी सरपटत एका जागी गोळा होतात, एकमेकींवर चढून घुमटासारखा ढीग रचतात, आणि ढिगाच्या पोटातल्या पेशी लांबट आकार सोडून जाड कवचाचे गोल बीजाणू होतात. या ढिगाला फ्रूटिंग बॉडी म्हणतात. तिचा व्यास मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो. साध्या डिसेक्टिंग मायक्रोस्कोपखाली ती काळा ठिपका म्हणून दिसते.

संख्या दुप्पट होत जाणं ही वाढ. एकाच प्रकारच्या पेशींनी वेगवेगळी कामं वाटून घेऊन एक रचना उभी करणं हा विकास. एकपेशीय जिवाणूत हा दुसरा प्रकार इतका ठळक क्वचितच दिसतो, म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांनी हा प्राणी पाळला. (प्राणी म्हणायचं केवळ लाडाने. रोलंड थॅक्स्टर यांनी १८९२ मध्ये हे जिवाणू आहेत असं मांडलं, त्याआधी अशा फ्रूटिंग बॉडींना बुरशी समजलं जायचं.)

विकास सुरू व्हायला तीन गोष्टी एकत्र लागतात: उपासमार, गर्दी आणि सरपटायला घट्ट पृष्ठभाग. पुढची सगळी मापं, धुण्याच्या पायऱ्या आणि प्लेट वाळवायच्या मिनिटांचे हिशेब या तीन गोष्टींसाठीच आहेत. त्यातही पहिली सर्वांत फसवी, कारण पेशी खरंच उपाशी आहेत की नाहीत हे डोळ्यांना दिसत नाही.

मातीतून बाहेर काढताना

मिक्सोकॉकस मातीत दुसरे जिवाणू खाऊन जगतो, त्यामुळे त्याला पकडायला आमिष लावतात. लिटरभर पाण्यात १५ ग्रॅम अगार (द्रव घट्ट करणारा पदार्थ) आणि १ ग्रॅम कॅल्शियम क्लोराईड घालून, पीएच ७.२ ला आणून, पोषणरहित प्लेट ओततात. बुरशी दाबायला ऑटोक्लेव्हनंतर (म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक केल्यावर), अगार ५५ अंशांच्या आसपास थंड झाल्यावर, लिटरला २५ ते ५० मिलिग्रॅम सायक्लोहेक्झिमाइड घालतात. हे माणसालाही विषारी आहे, त्यामुळे पावडर तोलताना हातमोजे आणि मास्क हवाच. प्लेटवर आमिष म्हणून ई. कोलाय या जिवाणूच्या घट्ट लगद्याच्या दोन-तीन रेघा ओढायच्या आणि रेघेच्या टोकाला वाटाण्याएवढं मातीचं ढेकूळ ठेवायचं.

माती आधी सावलीत वाळवून घेतली तर निम्मा त्रास वाचतो. ओल्या मातीतले अमिबा आणि सूत्रकृमी वाळवण्याने बरेच मरतात, मिक्सोकॉकसचे बीजाणू तगून राहतात. प्लेट ३० अंश सेल्सिअसला ठेवून तिसऱ्या दिवसापासून रोज पाहायची. ई. कोलायची रेघ एका टोकाकडून पारदर्शक होत चालली आणि मागे बारीक पिवळे-नारिंगी थेंब उभे राहिले, तर शिकार मिळाली. याला कधी दोन-तीन आठवडेही लागतात. ई. कोलाय न वापरता सशाच्या निर्जंतुक केलेल्या लेंड्या ओल्या मातीवर ठेवण्याची जुनी रीतही चालते आणि चांगली चालते.

शुद्ध करताना फ्रूटिंग बॉडीचा फक्त माथा बारीक सुईने उचलायचा, सुई अगारला टेकू द्यायची नाही. उचललेला भाग थोड्या बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) ५६ ते ५८ अंशांना १० मिनिटं ठेवला की सोबतचे बरेचसे जिवाणू मरतात. बॅसिलस हा मातीतला जिवाणू मात्र मरत नाही, त्याचे बीजाणू याहून कितीतरी चिवट असतात. म्हणून उष्णतेवर विसंबून न राहता नव्या ई. कोलाय प्लेटवर तीन-चार वेळा हेच करावं लागतं. प्लेटच्या कडा पॅराफिल्मने बंद ठेवाव्यात. मातीतले कोळीकीटक एका प्लेटवरून दुसऱ्या प्लेटवर चालत जातात आणि पायांना बुरशी चिकटवून नेतात.

विकासाचा अभ्यास करणारे बहुतेक जण मात्र मातीच्या फंदात न पडता डीके१६२२ हा ठरलेला वाण मागवतात. स्टॅनफर्डमध्ये डेल कायझर यांच्या प्रयोगशाळेत तो तयार झाला. त्याचा सुमारे ९१ लाख बेस-जोड्यांचा (डीएनएच्या अक्षर-जोड्यांचा) जनुकसंच २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. जिवाणूच्या मानाने हे घर मोठं आहे, ई. कोलायच्या जवळजवळ दुप्पट.

आधी पोटभर

नीट उपाशी ठेवायचं तर आधी नीट खाऊ घातलेलं हवं. मिक्सोकॉकसला साखर चालत नाही, तो प्रथिनांच्या तुकड्यांवर आणि अमिनो आम्लांवर जगतो. ग्लुकोज घालून वाढ होईना म्हणून माध्यमाला दोष देणं ही नवख्याची ठरलेली चूक. त्याचं नेहमीचं माध्यम सीटीटी. लिटरला १० ग्रॅम कॅसिटोन (म्हणजे एन्झाइमने पचवलेलं दुधातलं केसिन), १ मोलर ट्रिस-हायड्रोक्लोराईड बफर १० मिलिलिटर, १ मोलर मॅग्नेशियम सल्फेट ८ मिलिलिटर आणि ०.१ मोलर पोटॅशियम फॉस्फेट १० मिलिलिटर. अखेरचा पीएच ७.६. प्लेटसाठी यातच १५ ग्रॅम अगार. वाढ जरा जलद हवी असेल तर यीस्ट एक्स्ट्रॅक्ट घालतात.

यात दोन खड्डे आहेत. मॅग्नेशियम आणि फॉस्फेट तीव्र द्रावणांच्या रूपात एकमेकांत मिसळले किंवा एकत्र तापवले तर पांढरा साका बसतो. मग माध्यमात दोन्ही कमी पडतात. फॉस्फेट वेगळं ऑटोक्लेव्ह करून शेवटी, ढवळत घातलं की प्रश्न मिटतो. दुसरा खड्डा ट्रिसचा. ट्रिसचा पीएच तापमानागणिक हलतो, दर अंशाला साधारण ०.०३ ने उतरतो. २५ अंशांना ७.६ वर आणलेला बफर ३२ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये ७.४ च्या जवळ असतो, आणि कोल्डरूममधून काढून थंडगार असतानाच पीएच मोजला तर फरक आणखी वाढतो. मॉप्स बफर यापेक्षा बराच स्थिर, म्हणून काही प्रयोगशाळा ट्रिसऐवजी तोच वापरतात.

२५० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये ५० मिलिलिटरपेक्षा जास्त माध्यम भरू नये. हा जिवाणू ऑक्सिजनवर जगतो, फ्लास्क गळ्यापर्यंत भरला की वाढ मंदावते. ३२ अंश, शेकर जोरात. सीटीटीत संख्या दुप्पट व्हायला चार-पाच तास लागतात आणि प्लेटवर एका पेशीपासून डोळ्यांना दिसणारी कॉलनी यायला चार-पाच दिवस. यातून एक सोपी खूण मिळते: काल पेरलेल्या प्लेटवर आज सकाळी जे काही टपोरं दिसतंय ते मिक्सोकॉकस नाही. प्लेट टाकून द्या.

द्रव माध्यमात पेशी एकमेकींना चिकटून गुठळ्या करतात आणि काचेला कडं धरतात. याला जबाबदार पेशींच्या टोकाचे तंतू आणि त्यांच्या अंगावरची चिकट शर्करा. गुठळ्या झाल्या की ऑप्टिकल डेन्सिटी (गढूळपणावरून पेशींचं माप) खोटी पडते, गढूळपणा कमी दिसतो आणि पेशी असतात जास्त. थोडं कल्चर (म्हणजे पेशी वाढलेलं माध्यम) पिपेटने वर-खाली करून गुठळ्या मोडायच्या आणि लगेच मोजायचं. तंतूंच्या जनुकात बिघाड असलेले काही जुने वाण मोकळेपणाने पसरून वाढतात, पण ते पूर्ण निरोगी नव्हेत हे निष्कर्ष काढताना ध्यानात ठेवायला हवं.

कल्चर कधी उचलायचं? चढती वाढ चालू असतानाच. जुन्या प्रोटोकॉलमध्ये '१०० क्लेट' असं माप दिसतं. क्लेट हे जुन्या गढूळपणा-मापकाचं एकक, आणि १०० क्लेट म्हणजे मिलिलिटरला साधारण ५० कोटी पेशी. आपल्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर हा आकडा किती येतो ते एकदा काउंटिंग चेंबरमध्ये पेशी मोजून ठरवावं, दुसऱ्याच्या यंत्राचा आकडा उचलू नये. रात्रभर जास्त वाढून थकलेलं कल्चर वापरायचा मोह होतो, पण त्यातल्या पेशी फुटू लागलेल्या असतात. त्या फुटलेल्या पेशींतून निघालेलं प्रथिन म्हणजे पुन्हा अन्नच.

साठवणीचंही इथेच उरकून घेऊ. ग्लिसरॉल हाच या जिवाणूत बीजाणू व्हायचा इशारा ठरतो, म्हणून उणे ८० अंशांना गोठवताना अनेक जण ग्लिसरॉलऐवजी डीएमएसओ हे द्रावक वापरतात. आणि दर महिन्याला प्लेटवरून प्लेटवर उतरवत एकच वाण वर्षभर चालवू नये. या जिवाणूला पिवळं आणि फिकट तपकिरी अशी दोन रूपं आहेत, तो त्यांच्यात आपोआप अदलाबदल करतो, आणि पिवळं रूप पसरण्यात पुढे असतं. प्लेटवरून उचलताना कुठलं रूप उचललं याची नोंद नसेल तर पुढचा विकासाचा निकाल कशामुळे बदलला ते कळत नाही.

अन्न काढून घेणं

आता मुख्य भाग. उपासमारीच्या प्लेटला टीपीएम अगार म्हणतात: १० मिलिमोलर ट्रिस, १ मिलिमोलर फॉस्फेट, ८ मिलिमोलर मॅग्नेशियम सल्फेट, १.५ टक्के अगार. थोडक्यात सीटीटीतून कॅसिटोन वजा.

५० मिलिलिटर कल्चर, मिलिलिटरला ५० कोटी पेशी. सेंट्रिफ्यूजमध्ये पेशी तळाला बसवायच्या, वरचं माध्यम ओतून टाकायचं, टीपीएम बफरमध्ये पेशी धुवायच्या, पुन्हा बसवायच्या आणि शेवटी ५ मिलिलिटर टीपीएममध्ये मोकळ्या करायच्या. दहापट घट्ट झालं, म्हणजे मिलिलिटरला ५०० कोटी. त्यातले २० मायक्रोलिटर प्लेटवर थेंब म्हणून ठेवायचे. एका थेंबात १० कोटी पेशी.

कागदावर सोपं आहे. पण पहिल्यांदा माध्यम ओतून टाकल्यावर नळीच्या कडेला आणि पेशींच्या गोळ्यात मिळून अर्धा मिलिलिटर उरला असं धरा. तो एक टक्का कॅसिटोनचा आहे. धुतल्याशिवाय तसंच ५ मिलिलिटर केलं तर पेशींच्या पाण्यात ०.१ टक्का कॅसिटोन राहिलं. मुद्दाम थोडं अन्न ठेवून विकास लांबवणारं सीएफ अगार नावाचं एक माध्यम आहे, त्यात कॅसिटोन असतं ०.०१५ टक्का. म्हणजे आपली 'उपासमार' त्या सौम्य उपासमारीपेक्षा सहापटींहून जास्त पोटभर निघाली. हेच एकदा १० मिलिलिटर टीपीएमने धुतलं आणि पुन्हा अर्धा मिलिलिटर उरला, तर शेवटी ०.००५ टक्का. एका धुण्याचा फरक वीसपट आहे. म्हणून पहिल्यांदा ओतल्यावर नळी उलटी करून टिश्यूवर टेकवायची आणि कडेचा थेंब पिपेटने ओढून घ्यायचा.

पेशींच्या आत काय घडतं ते कळलं की हा काटेकोरपणा जाचक वाटत नाही. अमिनो आम्लं कमी पडली की रायबोसोमवर, म्हणजे प्रथिनं बांधणाऱ्या यंत्रावर, रिकामे टीआरएनए (अमिनो आम्लं वाहून आणणारे रेणू) येऊ लागतात. रेलए नावाचं एन्झाइम ते ओळखून पीपीजीपीपी हा छोटा रेणू बनवतं, आणि विकासाची सगळी साखळी या रेणूपासून सुरू होते. पेशी पाहते अमिनो आम्लांचा तुटवडा. उरलेलं कॅसिटोन म्हणजे नेमकी अमिनो आम्लंच, त्यामुळे थोडंसं राहिलं तरी इशारा पुसट होतो आणि विकास उशिरा, विस्कळीत होतो.

गर्दीचा हिशेब यालाच जोडलेला आहे. उपाशी पेशी बाहेर प्रथिनं तोडणारी एन्झाइमं सोडतात आणि त्यातून काही अमिनो आम्लं अगदी थोड्या प्रमाणात आजूबाजूला जमतात. याला ए-सिग्नल म्हणतात. आसपास पुरेशा सोबती असतील तरच त्याचं प्रमाण उंबरठा ओलांडतं. अमिनो आम्लं जास्त असली तर अन्न, अगदी थोडी असली तर सोबत्यांची हजेरी. एकच पदार्थ, प्रमाणावर अर्थ बदलतो. पेशी दहापट विरळ ठेवल्या तर म्हणूनच ढीग होत नाहीत.

तिसरी अट पृष्ठभागाची, आणि प्लेटचे हाल सगळ्यात जास्त इथेच होतात. ९० मिलिमीटरच्या प्लेटमध्ये २५ मिलिलिटर अगार मोजून घाला, अंदाजाने नको. आदल्या दिवशी ओतून रात्रभर झाकण लावून टेबलावर ठेवलेल्या प्लेट सहसा बऱ्या पडतात, त्यानंतर लॅमिनार फ्लोमध्ये (गाळलेल्या हवेच्या कक्षात) झाकण काढून थोडा वेळ. थेंब ठेवल्यावर तो १० ते १५ मिनिटांत शोषला गेला पाहिजे. लगेच शोषला गेला तर प्लेट कोरडी आहे, पेशी सरपटू शकणार नाहीत. अर्ध्या तासानंतरही थेंब चकाकत असेल तर पेशी पाण्यात तरंगताहेत आणि ढीग थेंबाच्या कडेला रांगेने लागतील. थेंब पूर्ण शोषला गेल्याशिवाय प्लेट उलटी करायची नाही. पिपेटचं टोक अगारात रुतलं तर त्या खाचेत पेशी जमतात आणि तिथे भलताच मोठा ढीग दिसतो, तो मोजू नये.

अगारचा नवा डबा उघडला की जुन्या डब्यातल्या अगारशी तुलना करणारी एक प्लेट लावावी. अगार समुद्री शेवाळातून येतं, प्रत्येक खेपेत क्षार आणि अशुद्धी वेगळ्या असतात, आणि उपाशी पेशींना तेवढंही कळतं. काचेच्या भांड्यात राहिलेला साबण हा आणखी एक मुका शत्रू. शेवटचं खळबळणं शुद्ध पाण्याने दोन-तीनदा करावं.

काय दिसतं

३२ अंशांना पहिले सहा तास वरून काहीच दिसत नाही आणि नवखा माणूस इथेच धीर सोडतो. ८ ते १२ तासांत पेशींच्या थरात फिकट, कडा न ठरलेले उंचवटे दिसू लागतात. काही विरघळतात, काही शेजारच्यात मिसळतात. २४ तासांना ढीग गोल आणि गडद झालेले असतात. ४८ ते ७२ तासांत ते काळेभोर होतात. खालून प्रकाश टाकल्यावर बीजाणू तो इकडेतिकडे विखुरतात, म्हणून ढीग काळा दिसतो. ढीग आहेत पण काळे पडत नाहीत, असं असेल तर पेशी गोळा झाल्या पण बीजाणू बनले नाहीत. निरोगी वाणाशी तुलना करताना ही खूण फार उपयोगी पडते.

सगळ्या पेशी बीजाणू होत नाहीत, निम्म्याही नाहीत. सुरुवातीच्या पेशींपैकी मोठा हिस्सा वाटेतच फुटून मरतो. काही पेशी ढिगाबाहेर लांबट रूपातच राहतात, त्यांना परिघावरच्या पेशी म्हणतात. बीजाणू होतात त्या थोड्या, दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी. फुटणाऱ्या पेशी हा अपघात की बाकीच्यांसाठी केलेली सोय, यावर अभ्यासकांत जुना वाद आहे.

बीजाणू मोजणं

फोटो कितीही सुंदर असला तरी आकडा लागतो. २० मायक्रोलिटरचे पाच थेंब ठेवले म्हणजे ५० कोटी पेशींपासून सुरुवात. ७२ तासांनी पाचही थेंब खरवडून १ मिलिलिटर टीपीएममध्ये घ्यायचे, बर्फावर ठेवून सोनिकेटरने (ध्वनिलहरींनी पेशी फोडणाऱ्या यंत्राने) १५-१५ सेकंदांचे झटके मध्ये विश्रांती देत द्यायचे, आणि ५० अंशांच्या वॉटरबाथमध्ये २ तास ठेवायचं. सोनिकेशन लांबट पेशी फोडतं आणि ढीग मोकळे करतं, उष्णता उरल्यासुरल्या पेशी मारते. मग दहापटीने विरळ करत जायचं आणि सीटीटीच्या मऊ अगारात मिसळून सीटीटी प्लेटवर ओतायचं. कॉलनी पाच ते सात दिवसांनी मोजायच्या.

समजा दहा हजारपट विरळ केलेल्या द्रवाच्या ०.१ मिलिलिटरमधून २०० कॉलनी आल्या. २०० गुणिले १० गुणिले १०,००० म्हणजे २ कोटी जिवंत बीजाणू. ५० कोटींतले २ कोटी, ४ टक्के. हा आकडा एकटा छापण्यात अर्थ नाही. त्याच दिवशी, त्याच खेपेच्या प्लेटवर निरोगी वाणाचा किती आला, त्याच्या शेकड्यात तो सांगायचा.

आकडा चुकतो तो मुख्यतः गुठळ्यांमुळे. पन्नास बीजाणूंचा न मोडलेला गोळा एकच कॉलनी देतो. त्यामुळे प्लेटिंगआधी एक थेंब फेज कॉन्ट्रास्ट मायक्रोस्कोपखाली पाहावा. खरे बीजाणू चमकदार, प्रकाश परतवणारे गोल दिसतात. नुसत्या गोल झालेल्या पण निस्तेज पेशी हे आजारी किंवा कवच ढासळलेल्या पेशींचं लक्षण, त्यांना बीजाणूंत धरायचं नाही. उलट बाजूची चूकही होते: सोनिकेशन फार जोरात किंवा बर्फाविना झालं तर अर्धवट पिकलेले बीजाणूही फुटतात आणि वाण उगाच दुबळा ठरतो.

झटपट बीजाणू हवे असतील तर एक चोरवाट आहे. वाढत्या द्रव कल्चरमध्ये अर्धा मोलर ग्लिसरॉल घातलं की काही तासांत जवळजवळ सगळ्या पेशी गोल होतात. मार्टिन ड्वॉर्किन आणि गिब्सन यांनी हे १९६४ मध्ये दाखवलं. यात उपासमार नाही, गर्दी नाही, ढीग नाही. कवच कसं बनतं एवढंच पाहायचं तर ही रीत उत्तम, कारण सगळ्या पेशी एकाच वेळी बदलतात. फ्रूटिंग बॉडीतल्या बीजाणूवर असणारा सर्वांत बाहेरचा प्रथिनांचा थर या बीजाणूंना नसतो, म्हणून त्यावरून पूर्ण विकासाबद्दल काही सांगू नये.

पाण्याखालचा विकास

अगारवरून पेशी खरवडून आरएनए किंवा प्रथिनं काढणं कटकटीचं असतं, अगारचे कणही सोबत येतात. त्यावर कुनर आणि कायझर यांनी १९८२ मध्ये वर्णन केलेली बुडीत कल्चरची रीत कामी येते. २४ खणांच्या पॉलिस्टायरीन प्लेटमध्ये प्रत्येक खणात अर्धा मिलिलिटर पातळ कल्चर घालून २४ तास न हलवता ठेवायचं. पेशी तळाला चिकटून थर धरतात. मग माध्यम काढून तेवढाच एमसी७ बफर घालायचा, म्हणजे पीएच ७ चं १० मिलिमोलर मॉप्स आणि १ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराईड.

अवघड पायरी ही बदलाबदलीची. पिपेटचं टोक खणाच्या भिंतीला टेकवून, प्लेट जराशी कलती करून, हळू ओढायचं. बफरही भिंतीवरून सोडायचा. धार मधोमध पडली की थर पापुद्र्यासारखा सुटतो आणि तो खण बाद. कॅल्शियम विसरलं तर थर तळाला नीट धरून राहत नाही. प्लेट इनक्युबेटरमधून मायक्रोस्कोपवर नेतानाही तिला ताटातल्या पाण्यासारखं डचमळू द्यायचं नाही.

बिघाड करून पाहणं

कुठलं जनुक कशासाठी, हे कळायला ते बंद करून पाहतात. या जिवाणूत बाहेरचं प्लाझ्मिड (डीएनएचं छोटं कडं) सहसा स्वतंत्रपणे टिकत नाही, त्यामुळे जनुकाचा आतला पाचेकशे बेसचा तुकडा आणि कानामायसिन या प्रतिजैविकाच्या प्रतिकाराचं जनुक असलेलं प्लाझ्मिड आत ढकललं की ते टिकण्यासाठी गुणसूत्रात त्याच जागी घुसतं आणि मूळ जनुक मोडतं. ढकलण्यासाठी इलेक्ट्रोपोरेशन, म्हणजे विजेचा झटका: पेशी निर्जंतुक पाण्याने तीन-चार वेळा धुवून, १ मिलिमीटर फटीच्या क्युव्हेटमध्ये ०.६५ किलोव्होल्ट, ४०० ओहम, २५ मायक्रोफॅरड. क्षार राहिले तर ठिणगी उडते आणि पेशी जळतात. झटक्यानंतर सीटीटीत निदान एका दुपटीएवढा, म्हणजे चार-पाच तासांचा आराम द्यायचा आणि मगच मिलिलिटरला ४० ते ५० मायक्रोग्रॅम कानामायसिनच्या प्लेटवर घालायचं.

नवा वाण ढीग करत नाही म्हणून आनंदून जाण्याआधी तो सरपटतो का ते पाहायचं. मिक्सोकॉकसच्या सरपटण्याच्या दोन पद्धती आहेत. एकेकट्या पेशींची, जी १.५ टक्क्याच्या घट्ट अगारवर नीट दिसते, आणि तंतूंच्या साहाय्याने कळपाने जाण्याची, जी ०.५ टक्क्याच्या मऊ, ओलसर अगारवर खुलते. दोन्हींवर थेंब ठेवून दोन-तीन दिवसांनी वर्तुळाचा व्यास मोजायचा. सरपटताच येत नसेल तर विकासाच्या जनुकाबद्दल काही ठरवता येत नाही.

सरपटणाऱ्या पण विकास न होणाऱ्या वाणांवर करायचा सर्वांत देखणा प्रयोग म्हणजे मिसळण्याचा. हेगन, ब्रेचर आणि कायझर यांनी १९७८ मध्ये तो मांडला. दोन बिघडलेले वाण एकेकटे ठेवले तर बीजाणू देत नाहीत, सारख्या प्रमाणात मिसळून ठेवले तर देतात. म्हणजे एकाला जो संदेश पाठवता येत नाही तो दुसरा पुरवतो. अशा मिसळणीवरून संदेशांचे ए, बी, सी, डी असे गट पडले. करताना एका वाणाला कानामायसिन प्रतिकाराची खूण हवी, म्हणजे बीजाणू उगवल्यावर कानामायसिन असलेल्या आणि नसलेल्या प्लेटवरच्या संख्येतून कोणाचे बीजाणू किती ते काढता येतं. खुणेशिवाय केलेला हा प्रयोग फोटोपुरताच.

सी-सिग्नल त्यातला हट्टी. तो पाण्यात मिसळून दूर जात नाही, पेशी एकमेकींना टेकाव्या लागतात. सरपटू न शकणारे वाण बीजाणू का देत नाहीत याचा उलगडा किम आणि कायझर यांनी १९९० मध्ये केला. अगारवर बारीक समांतर ओरखडे पाडून न हलणाऱ्या पेशी त्या खाचांत ओळीने पडू दिल्या, तर त्यांनी संदेश दिला आणि बीजाणूही केले. सरपटणं लागत होतं ते पेशी एकमेकींना लागून ओळीत याव्यात म्हणून.

ढीग येत नाहीत तेव्हा

निरोगी वाणाच्या थेंबातही काही घडत नसेल तर शोध स्वस्त गोष्टींपासून सुरू करावा. थेंबाच्या कडेला पातळ पसरट झालर वाढत असेल तर पेशी खाताहेत: धुणं अपुरं झालं, किंवा टीपीएमच्या बाटलीत कोणी चुकून सीटीटीची पिपेट बुडवली. ढीग फक्त कडेच्या कंगोऱ्यावर असतील तर प्लेट ओली. थेंब सपाट, निर्जीव, चुरगळलेल्या कागदासारखा असेल तर प्लेट कोरडी, किंवा इनक्युबेटरच्या पंख्यासमोर ठेवलेली. प्लेट झाकणाच्या डब्यात, ओल्या टिश्यूसोबत ठेवल्याने हा त्रास जातो. ढीग मोठे, मोजके आणि उशिरा येत असतील तर पेशींची संख्या पुन्हा मोजा. इनक्युबेटरचा काटा ३२ दाखवत असला तरी आत पाण्यात बुडवलेला थर्मामीटर ठेवून खात्री करा, ३६ अंशांपुढे विकास हमखास बिघडतो. हे सगळं ठीक असूनही थेंब तसाच राहिला, तर फ्रीजमधली प्लेट बाजूला सारून उणे ८० मधली मूळ कुपी काढायची, सीटीटी प्लेटवर नवी रेघ ओढायची आणि पाच दिवस वाट पाहायची.